आधी आवाज कापणारा

भोर स्टँडजवळचा एक मोबाईलवाला टीव्हीवरचे मोठे गेम जुन्या, हातात मावणाऱ्या यंत्रांत बसवून देतो. कानावर स्क्रू ड्रायव्हर खोचलेला आणि तोंडात एकच वाक्य: "जागा न्हाई, ताई." मग न विचारता काहीतरी कापून टाकतो.

माझ्या भावाला अगदी अंधुक दिसतं. गाड्यांची शर्यत तो इंजिनाच्या आवाजावर खेळतो. म्हणून यादीत पहिलंच लिहून दिलं होतं: आवाज पूर्ण ठेवणे. भाटघरहून तिसऱ्यांदा आले, तरी गेम मुकाच.

"आवाज लई जागा खातो. चित्र बघा की, कसलं झ्याक आलंय."

माझं डोकं सणकलं. यंत्र त्याच्याच हातात दिलं. "डोळे मिटा आणि खेळा."

त्यानं हसत डोळे मिटले. गाडी पहिल्याच वळणावर भिंतीला धडकून थांबली, तरी तो बटणं दाबतच होता.

"पळतीय का वो?" शेवटी त्यानं विचारलं.

"यादी वाचा."

त्यानं ड्रॉवरमधून माझी यादी काढली. मी घातलेली घडी अजून मोडलेली नव्हती. पहिली ओळ वाचून तो खालच्या आवाजात म्हणाला, "डोंगर, ढग समदं काढतो, ताई. आवाज बसंल."

म्हणजे ते आधीपासून जमत होतं.