मामांच्या जीपचं बेल हाउसिंग

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींना नीट बसत नाहीत, यावर इतकी गाढ श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे आमच्या आत्याचे यजमान, दौंडचे. आमच्याकडच्या रीतीनं आम्ही त्यांना मामा म्हणतो. शर्टाच्या बाह्या त्यांना लांब, चष्म्याच्या दांड्या आखूड आणि आत्याची भाकरी तव्यापेक्षा मोठी. अशा माणसानं खरं तर देवाधर्माला लागावं, पण मामांनी लिलावातली जुनी पेट्रोल जीप घेतली आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचं मनावर घेतलं. नव्वदच्या दशकात आमच्या भागात जुनी जीप असलेला प्रत्येकजण हेच करत होता आणि पंधरवड्यात त्याच जीपमधून ऊस बघायला जात होता. मामांना तीन वर्षं लागली.

तेवढ्यावर भागलं असतं तर आम्ही नुसते हसलो असतो. पण जीप दारात आली त्या दिवशीच मामांनी पेढे वाटत जाहीर केलं, "आमची पोर सासरला जाईल ती ह्याच गाडीतनं. तवर लगीन न्हाई." पोर म्हणजे माझी आत्येबहीण, त्यांची एकुलती एक. बी. ए. होऊन शाळेत शिकवत होती. स्थळं येत होती आणि हा पण ऐकून, बिनइंजिनाची जीप बघून, चहा पिऊन परत जात होती. आत्या करवादायची, "पंचविशी उलटली पोरीची. लोकांच्यात पत्रिका जुळंना म्हणून लग्नं अडत्यात, आमच्यात बोल्ट जुळंना!"

बोल्ट कुठले ते सांगतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचं एक ओतीव आवरण असतं, त्याला बेल हाउसिंग म्हणतात. क्लच त्याच्या पोटात राहतो. इंजिन एका गाडीचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा असला, की या आवरणाची भोकं दोन्हीकडे जुळावी लागतात आणि क्लचप्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसावे लागतात. शाळेतल्या एका कारकुनाला एवढं शास्त्र पाठ आहे, यावरून मी मामांच्या किती तावडीत सापडलो होतो ते ओळखा. मी शिरूरला राहत असल्यानं तिथपासून शिक्रापूरपर्यंतची भंगारची दुकानं माझ्या वाट्याला आली होती. हाउसिंग शोधायचं आणि मांडीवर घेऊन एसटीनं दौंडला न्यायचं. एकदा कंडक्टरनं विचारलं, "कुठल्या देवळाची घंटा ही?" मी इनामगावचं नाव सांगून मोकळा झालो, तर शेजारच्या आजींनी हात लावून नमस्कार केला.

दौंडला मामा ते हाउसिंग सुतळीनं मोजत. एक डोळा मिटत, सुतळीला गाठ मारत आणि निकाल देत, "केसभर फरक हाय, पावनं. परत न्या." मधे एखादी लोखंडी जोडपाटी लेथवर करून घ्या, सगळे तेच करतात, असं कुणी सुचवलं की भडकत, "जुगाड? माज्या पोरीच्या गाडीत?" लग्नकार्यातही त्यांच्या पिशवीत आहेराशेजारी क्लचप्लेट असे. अक्षता पडल्या की लोक पंगतीकडे वळत आणि मामा पाहुण्यांच्या गाड्यांखाली.

मग शिरूरचं एक स्थळ आलं. त्या मंडळींना मामांचा पण मान्य होता. मुख्य म्हणजे मुलगा पसंत आहे, हे बहिणीनं पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडानं सांगितलं. घर बघायला मामा आणि मी गेलो. पोहे येईपर्यंत मामा गायब. ते सापडले परसात, इंजिन उतरवून ठेवलेल्या एका जुन्या टेम्पोखाली, सुतळी आणि पिशवीतल्या क्लचप्लेटसह. बाहेर आले तेव्हा हात काळे आणि चेहरा पडलेला. "बसतंय," ते म्हणाले. "आठी बोल्ट. दातं बी." कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज. मुलाचे वडील खुशीत म्हणाले, "घिऊन जावा की, आमाला काय करायचंय!" मामांनी मान हलवली आणि पाणी मागितलं.

आठ दिवसांत जीप चालू झाली आणि महिन्याभरात लग्न लागलं. पंगतीत माझ्याशेजारी दौंडचा लेथवाला बसला होता. जिलेबी मोडत तो सहज म्हणाला, "तुम्ही पहिलं हाउसिंग आणलं हुतं ना, त्येच बसत हुतं. म्या कॅलिपर लावून सांगितलं, तर मलाच म्हणले, तू गप ऱ्हा."

तीन वर्षं मी या माणसाची टवाळी घरोघर रंगवून सांगत होतो. स्वतःची लाज वाटली आणि मामांबद्दल कधी नव्हे इतकी माया दाटून आली.

पाठवणीला मामा स्टिअरिंगवर, शेजारी नवरा-नवरी आणि मागं मी. वऱ्हाडाच्या गाड्या पुढं निघून गेल्या. जीपचं इंजिन चालू होतं, गिअर पडला होता, पण जीप हलेना. मी वाकून पाहिलं, तर मामांनी क्लच पार तळाला दाबून धरला होता.

"आप्पा," बहीण हळूच म्हणाली, "क्लच सोडा ना."

"सोडतो की," मामा समोर बघत म्हणाले. "जरा इंजिन गरम हू दे."

मे महिन्याची दुपार होती. आम्ही चौघं त्या उन्हात इंजिन गरम व्हायची वाट बघत बसलो.