उजवीकडचा खिसा

दोरीवर वाळणाऱ्या बाबांच्या सगळ्या सदऱ्यांना खिसा उजवीकडे आहे. त्यांच्या छातीत डावीकडे पेसमेकर बसवला, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मोबाइल त्याच्यापासून लांब ठेवा. लहरींनी यंत्र गोंधळू शकतं." बाबा विसरायचे, म्हणून आईने एकेक खिसा उसवून उजवीकडे शिवला. लहरी कुणाला दिसत नाहीत. आईची काळजी मात्र अशी उन्हात वाळताना दिसते.

परवा बाजारात बाबांना गरगरलं. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी आईलाच फोन लावला. दवाखान्यातून सुखरूप घरी आल्यावर आई म्हणाली, "असं झालं तर आधी एकशे बारा लावायचा. म्हणून दाखवा."

बाबांनी शहाण्यासारखा तो आकडा म्हटला. मग हळूच विचारलं, "आणि तुला कोण सांगणार?"