येणारा हात

काही महिने मी मातामायशी बोलणं टाकलं होतं. वडनेर माझं माहेर. गावाच्या कडेला कडुलिंबाखाली या गावदेवीचा ओटा आहे. शेंदूर लावलेले दगड आणि वर पत्र्याचं छप्पर, एवढंच. लहानपणापासून परीक्षा असो, आजारपण असो की लग्न, आधी तिच्या कानावर घालायचं आणि मग बाकीच्यांच्या, अशी मला सवय. पण भर दुपारी, भरल्या बसमध्ये माझ्यावर हात उचलला गेला, आणि माझ्या मनानं घेतलं की आपण इतकी वर्षं हाक मारली ती ऐकणारं तिथं कोणी नव्हतंच. रुसलेल्या लेकीसारखी मी माहेरी जायची, पण ओट्याकडं फिरकायची नाही.

मी एसटीत कंडक्टर आहे. हिंगणघाट आणि समुद्रपूरच्या मधल्या गावांना जाणाऱ्या गाड्यांवर माझी ड्युटी असते. त्या दिवशी पिऊन चढलेल्या एका माणसाला मी तिकीट काढायला सांगितलं. एकदम त्याचा हात माझ्या तोंडावर आला. प्रवाशांनी त्याला धरलं, गाडी ठाण्यात गेली, पुढं जे व्हायचं ते रीतसर झालं. गालाची सूज उतरली, पण तो हात काही गेला नाही. प्रवाशानं पैसे द्यायला हात पुढं केला तरी माझे डोळे गच्च मिटायचे. घरी माझ्या डोक्यावरून पंख्याचं बटण दाबायला नवऱ्यानं हात नेला की मी अंग चोरायची. त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. बोलणं मोजकंच. पण त्यांनी आपणहून एक नेम धरला. माझ्याजवळून काही घ्यायचं-द्यायचं असलं की आधी सांगायचे, "हात येऊन राह्यला बरं." चहाचा कप देतानासुद्धा. मला हसू यायचं आणि मागोमाग डोळे भरून यायचे.

हिंगणघाटला बायकांसाठी कराटेचा वर्ग निघाला तेव्हा मी नाव दिलं. मारायला शिकलं की माराची भीती जाईल, असा माझा साधा विचार. शिकवणाऱ्या मॅडम बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि फार मायाळू. वर्गात बहुतेक कॉलेजच्या पोरी. मीच काय ती चाळिशी ओलांडलेली. सुरुवातीला सगळं झकास चाललं. हवेतले ठोसे, लाथा, टांगलेल्या पोत्यावरचा सराव, यात तर मॅडम मलाच पुढं उभं करायच्या. मग समोरासमोर लढायची वेळ आली. डोक्याला हेल्मेट, हातात मऊ ग्लोव्हज, आणि समोर प्रणाली नावाची सडपातळ मुलगी. तिनं हात उचलला आणि माझे डोळे मिटले. पुन्हा उचलला, पुन्हा मिटले. ती बिचारी हळू मारायला लागली, तरी तेच. मॅडम जवळ येऊन म्हणाल्या, "ताई, डोळे मिटल्यानं ठोसा चुकत नाही हो. फक्त दिसत नाही." मला पटायचं. पण पटणं डोक्यात होतं, आणि भीती पापण्यांत बसलेली.

आठवड्यामागून आठवडे गेले. पुढच्या पट्ट्याच्या परीक्षेत एक लढत सगळ्यांना सक्तीची होती. मी ठरवून टाकलं की हा वर्ग सोडायचा. आणि खरं सांगायचं तर मनात त्याहून मोठंही काही पक्कं होत होतं: कंडक्टरकीही सोडायची. ज्या कामानं मी पायावर उभी राहिले, ज्याचा माझ्या आईला इतका अभिमान, ते काम मला रोज सकाळी नकोसं वाटत होतं.

अशातच एका रविवारी मी वडनेरला गेले. वहिनीचा पाय मुरगळला होता. तिनं नैवेद्याचं ताट माझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "ताई, आज तुमीच मायले दाखवून या." नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेले. ओट्यावर त्या दिवशी बाहेरगावचं एक आदिवासी कुटुंब टेम्पो करून नवस फेडायला आलं होतं. आपसात ते गोंडी बोलत होते, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यांची लगबग आणि हसणं कानाला बरं वाटत होतं. मी ताट ठेवलं. हात जोडले, पण काही मागितलं नाही. मनात एवढंच म्हटलं, मी हरले, आता तुझं तू बघ.

वळले तर त्यांच्यातली माझ्याच वयाची एक बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन समोर उभी. तिथं असलेल्या सगळ्या बायांना ती कुंकू लावत होती. तिनं बोट माझ्या कपाळाकडं आणलं, आणि मी डोळे मिटून मागं सरकले. ताटाला धक्का लागला, थोडं कुंकू सांडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं हात मागं घेतला नाही. तसाच हवेत धरून ठेवला.

"काऊन वो बाई, मारलं का कोणी?"

इतक्या दिवसांत असं थेट कोणी विचारलंच नव्हतं. मी परक्या बाईसमोर हुंदके देऊन रडले. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "तू हाताकडं पाहून राह्यली. हाताले तोंड असते काय? माह्या तोंडाकडं पाह्य."

मी पाहिलं. सावळा, घामेजलेला चेहरा, एका भुवईवर जुना व्रण, आणि डोळ्यांत अशी माया, की जणू मी तिच्याच पाठची. मी त्या चेहऱ्याकडं पाहत राहिले. कपाळाला बोट कधी टेकलं ते कळलंही नाही. तिनं माझ्या हातावर प्रसादाचा खडा ठेवला, "येजो वो," म्हणाली, आणि आपल्या माणसांत मिसळली. मी भानावर येऊन तिला शोधेपर्यंत टेम्पो निघून गेला होता. पुढं वहिनीकडं, गावात, बरीच चौकशी केली. कुठून कुठून लोक येतात, कोण सांगणार? ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मला जे मिळायचं ते मिळालं.

परीक्षेला मी गेले. समोर प्रणालीच. शिट्टी झाली, तिचा हात उठला, आणि मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. वरच्या ओठावर घाम, खालचा ओठ दातांत धरलेला, बुबुळं थरथरणारी. लेकराला भीती वाटत होती! ठोसा माझ्या हेल्मेटवर बसला. डोळे उघडेच होते. लागलं, आणि लागूनही मी तिथंच उभी होते. दुसरा मी अडवला. तिसरा बसला. मग माझाही एक बसला. लढत मी हरले, चांगलीच हरले. पण मॅडमनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मुली थांबेचनात.

बाहेर आल्यावर प्रणाली मुळूमुळू रडायला लागली. "काकू, आज मले लय भेव वाटलं. रोज तुमी डोळे मिटत होत्या तं सोपं जाय. आज तुमी मलेच पाहून राह्यल्या होत्या!" मला इतकं हसू आलं, आणि तिची इतकी माया आली, की ग्लोव्हज न काढताच मी तिला पोटाशी धरलं. दोघींची हेल्मेटं एकमेकींवर आपटली.

त्याच संध्याकाळी मी ओट्यावर जाऊन बसले. माफी मागितली नाही. आईशी भांडण झालं तर कोण मागतं? नुसती टेकून बसले. शरण जाणं म्हणजे देवीनं मधे उभं राहून आपल्यावरचे घाव झेलणं, असं मी समजत आले होते. घाव चुकला नाही म्हणून मी तिच्यावर रुसले. आता वाटतं, ती मधे उभी राहिली असती तर समोरचं माणूस मला कधी दिसलंच नसतं.

मी अजून त्याच गाड्यांवर आहे. अंगावर काटा अजूनही कधी कधी येतो. गर्दीतून हात पुढं येतात, आणि मी तो हात कुणाचा ते बघते. सावंगीच्या दवाखान्यातून आईला घरी नेणारा लेक असतो, औषधाची पिशवी छातीशी धरलेला. पहिल्यांदा एकटी निघालेली नवी सून असते. कधी पिऊन आलेला, तारवटलेल्या डोळ्यांचा माणूसही असतो, आणि त्यालाही मी तिकीट काढायला सांगते. सकाळी पहिली डबल बेल देण्याआधी मनातल्या मनात एवढंच म्हणते: माय, येणारं येऊ दे. मला तेवढं पाहत उभं राहू दे.