घरघर नसलेला संगणक

लातूरच्या आमच्या घरात वरच्या तीन खोल्यांत क्लासची मुलं राहत आणि खालच्या दोन खोल्यांत माझे आईवडील. पहाटेपासून वरून पाठांतराची कुजबुज झिरपत येई. एखाद्या झाडावर बसून पाखरांनी सूत्रं घोकावीत तशी. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिचा त्रास नव्हता. माणसांचे, भांड्यांचे, रस्त्यावरच्या रिक्षांचे आवाज त्यांना चालत. त्या आवाजांना चेहरे होते. सोसत नसे ती फक्त यंत्राची खालच्या पट्टीतली, न थांबणारी घरघर. फ्रिजची, पाण्याच्या मोटारीची, कूलरची. ती सुरू झाली की दादा हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवत, बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि चपला काढून दोन्ही तळवे फरशीला टेकवत. पाण्याचा अंदाज घेणाऱ्या माणसासारखे.

भूकंपाआधी आम्ही निलंग्याच्या पुढच्या एका खेड्यात राहत होतो. दादा तिथल्या शाळेत शिक्षक होते. दगडमातीच्या भिंती, खिडकीत कडुनिंबाची सावली, आणि कोनाड्यात एक टेपरेकॉर्डर. रेडिओवरून उतरवलेल्या तीनएकशे कॅसेटींवर दादांचं सुबक अक्षर होतं: राग, वेळ, वाद्य. संध्याकाळी सतार लागली की आमची खोली हळूहळू पाण्यात उतरते आहे असं मला वाटे. भिंतींचे कोपरे मऊ होत, कंदिलाचा उजेड सुरांबरोबर हलू लागे.

त्या वर्षभरात जमीन अधूनमधून गुरगुरत असे आणि लोकांना त्याची सवय होत चालली होती. विसर्जनाच्या संध्याकाळी दादा असेच सतार ऐकत बसले होते. शेजारची काकू दारात येऊन उभी राहिली.

"गुरुजी, खालून पुन्हा घुमायलंय बघा. लेकरं घेऊन बाहेर निजू का?"

दादांनी क्षणभर कान दिला आणि हसून म्हणाले, "अहो, ही टेपची घरघर हाय. म्हातारा झालाय बिचारा. खुशाल निजा घरात."

पहाटे आमची भिंत बाहेरच्या अंगाला पडली, म्हणून आम्ही वाचलो. काकूच्या घराची आत पडली. तिची सासू आणि धाकटी लेक त्या भिंतीखाली गेल्या.

काकूनं दादांना कधीही बोल लावला नाही. ती संध्याकाळची घरघर खरोखर टेपची होती की जमिनीची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. ढिगाऱ्यातून निघालेल्या कॅसेटी दादांनी ओल्या फडक्यानं एकेक पुसल्या, पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, आणि त्यानंतर गाणं ऐकणं सोडलं. आम्ही लातूरला आलो. शहर वाढत गेलं, क्लास वाढत गेले, गल्लीगल्लीत परगावची मुलं दप्तरं घेऊन उतरली. पेटी तशीच राहिली. पुष्कळ वर्षांनी एकदा, मी काहीही विचारलेलं नसताना, दादा म्हणाले, "गाण्याखाली दुसरं काही वाजत असलं, की ते काय हाय, हे मला ओळखू येत न्हाई."

मी तेव्हा नांदेडच्या एका महाविद्यालयात कविता शिकवत होते. शब्दाखाली काय वाजतं, ते ऐकायला शिकवणं हेच माझं काम होतं; तरी दादांच्या त्या वाक्याचा तळ लागायला मला फार दिवस लागले. त्याच सुमारास कानांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की त्यांचा डावा कान विझत चालला आहे आणि उजवाही त्याच वाटेनं जाईल. म्हणजे राहून गेलेलं ऐकायला दोनतीन वर्षं उरली होती, फार तर. गाण्याखाली दुसरं काहीच वाजणार नाही, असं यंत्र मिळालं तर?

चकती फिरवणारा प्रत्येक प्लेअर घरघरतोच. खिशात मावणारे निघाले होते, पण त्यांच्या नखाएवढ्या पडद्यावरची अक्षरं दादांना दिसत नसत. हेडफोनचं नाव काढताच त्यांनी मान हलवली. "कान बांधून मी बसणार न्हाई."

उरला संगणक. पण माझ्या टेबलावरचा संगणक तर पिठाच्या गिरणीचा धाकटा भाऊ होता.

नांदेडला एका अरुंद बोळात संगणकाच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मालक साठीकडे झुकलेले, पूर्वी रेडिओ दुरुस्त करणारे. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागले. मला काय हवं आहे ते सांगितल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, लोक येऊन म्हणतात, फास्ट पाहिजे. तुम्ही पहिल्याच, ज्या गप बसणारा मागून राहिल्या."

"मिळेल का पण?"

"मिळेल की. पण पोरांच्या आईबापाला सांगू नका. चालू हाय का बंद, कळलंच न्हाई तर क्लासवाल्या पोरांचं फावलं!"

मग आमची निवड सुरू झाली, महिनाभर चालली. दर बुधवारी तास संपवून मी त्या बोळात जाई. चाचांची एक पद्धत होती. लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ ते कानामागच्या हाडाला लावत, टोक चालू भागावर टेकवत आणि डोळे मिटत. मग तो माझ्या हाती देत. पहिल्यांदा मी तसं ऐकलं तेव्हा बोळातला सगळा गलका मागे सरला आणि लोखंडातून एक लहानसं गाव ऐकू आलं. कुठे रहाट फिरत होता, कुठे कुणी दाणे निवडत होतं. ते ओळखीचं वाटावं इतकं जिवंत होतं. पण आम्हाला ते गाव रिकामं करायचं होतं.

पंखा सगळ्यात आधी गेला. फारसा तापत नाही असा प्रोसेसर चाचांनी हैदराबादेहून मागवला. त्याच्या डोक्यावर पंख्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा होता, नांगरटीनंतरच्या सऱ्यांसारखा. उष्णता त्या सऱ्यांतून आपोआप उडून जाणार होती. वीज देणारा घरघरता डबा गेला, त्याच्या जागी लॅपटॉपला असतो तसा वायरीतला मुका ठोकळा आला. स्पीकरसाठी गाडीतल्या टेपला लावतात तसला बोटभर ॲम्प्लिफायर. अडून बसली ती हार्ड डिस्क. मी पेटीतून नेलेल्या कॅसेटींवरून उतरवलेलं सारं गाणं तिच्यात राहणार होतं, आणि तिला फिरल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती स्वतः हळूच फिरे; पण पत्र्याच्या डब्यात आवळून बसवली, की डबाच बोलू लागे.

चाचा उठले, समोरच्या पंक्चरवाल्याकडून सायकलीची जुनी ट्यूब घेऊन आले. कात्रीनं तिच्या चार पट्ट्या कापल्या आणि डिस्क त्या पट्ट्यांवर डब्याच्या मधोमध अधांतरी टांगली. पाळण्यात घातल्यासारखी.

"आता ऐका."

मी मूठ कानामागे लावली, डब्यावर टोक टेकवलं. काहीच नव्हतं. माझी स्वतःची नाडी तेवढी होती.

शनिवारी तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. खिडकीबाहेर कापणीला आलेली करडईची शेतं मागे पळत होती. बस खड्ड्यातून जाई तेव्हा आतल्या पाळण्याचा हिंदोळा मला ओटीत जाणवत होता. कंडक्टरनं विचारलं, "ताई, मासे हायत का काय त्यात, इतकं जपून राहिल्यात?" मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या खोलीत सगळं मांडलं. दादा आले, खुर्चीत बसले. पडद्यावर त्यांच्याच कॅसेटींवरची नावं मोठ्या अक्षरांत होती.

"चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे, दादा."

आई दारात परात घेऊन उभी होती. "तुमच्यासारखाच हाय की. चालू हाय का बंद, कळतंच न्हाई."

दादा हसले नाहीत. त्यांनी टेबलावर तळहात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मग हळूच म्हणाले, "तोडी लाव."

सतारीचा पहिला स्वर आला आणि त्याच्याखाली खरोखरच काही नव्हतं. फितीची सरसर होती, पण ती वाळल्या पानांवरून वारा जावा तशी, वरच्या अंगाची. तिच्याखाली स्वच्छ, खोल रिकामी जागा. तिच्यात स्वर एकेक पायरी उतरत होता. दादांचे डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरची एक आठी, जी मी कायमची समजत होते, विरत चालली होती.

आणि लाइट गेली.

लातुरात लाइट जाण्याला कुणी दचकत नसे. तिच्या वेळा ठरलेल्या असत. जिन्याखालच्या इन्व्हर्टरनं आपसूक भार घेतला. गाणं तुटलं नाही. पण भिंतीतून, फरशीतून, टेबलाच्या पायांतून एक जाड, आंधळा घुमारा वर चढत आला. दादांचे डोळे उघडले. ते उठले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ओट्यावर निघून गेले. स्पीकरमधून तोडी वाजत राहिली, रिकाम्या खुर्चीसाठी.

महिनाभर मी एकेक पातं, एकेक वायर कानाला लावून निवडली होती. घरातला इन्व्हर्टर मात्र मी यंत्रात कधी धरलाच नव्हता. आमच्याकडे तो भिंतीसारखा, रांजणासारखा असतोच. त्या दुपारी आई म्हणाली, "जाऊ दे गं माय. त्यांना न्हाई ऐकायचं, तर कशाला पाठ लागायलीस?" ऐकायचं नाही असं नव्हतं. ऐकतानाचा त्यांचा चेहरा मी पाहिला होता. पाहिला नसता, तर मीही तिथेच थांबले असते.

बुधवारी मी सगळं परत घेऊन गेले, तेव्हा चाचांनी कपाळावर हात मारून घेतला.

"इन्व्हर्टर हाय, हे तुम्ही सांगितलंच न्हाई!"

"तुम्ही विचारलं नाही."

"ते कोण विचारतं? तुमच्या घराला छत हाय का, असं विचारतात का कुणी?" मग ते वायरीतल्या ठोकळ्यावरचे बारीक आकडे वाचू लागले आणि लहान मुलासारखे हसले. "बाई, आपण दोघंही येडे. तुमच्या डब्याला अन् पडद्याला बाराच व्होल्ट लागतात. बॅटरीतही बाराच हायत. इन्व्हर्टर त्या बाराचे दोनशेवीस करतो, अन् हा ठोकळा दोनशेवीसचे पुन्हा बारा करतो. परभणीला जायाचंय अन् आपण हैदराबाद फिरून चाललो!"

त्यांनी बॅटरीची वीज सरळ डब्यात नेणारी, दाब सांभाळणारी एक बोटभर पट्टी बसवून दिली, दोन जाड वायरी दिल्या, मधे फ्यूज घातला. दादांसाठी वेगळी बॅटरी घ्यायची. ती गाणं नसेल तेव्हा भारून ठेवायची आणि गाण्याच्या वेळी तिचा भिंतीशी संबंधच तोडायचा. घरातला इन्व्हर्टर त्या वेळेपुरता बंद. दिवे नसले तरी गाणं ऐकता येतं, हे मला तेव्हा प्रथमच सुचलं.

पुढच्या रविवारी मी दादांना सकाळी बोलावलंच नाही. दुपारी, लाइट जायच्या आधी पाच मिनिटं बोलावलं. ते आले, पण खुर्चीच्या कडेवर बसले, उठायच्या तयारीत. मी इन्व्हर्टरचं बटण बंद करून आले आणि भीमपलासी लावला.

ठरल्या वेळी लाइट गेली. पंखा गिरक्या मोजत थांबला. स्वयंपाकघरातल्या फ्रिजनं एक उसासा टाकला. शेजारची मोटार, समोरचा झेरॉक्स, गल्लीतले सगळे कूलर एकामागून एक मिटत गेले आणि सबंध लातूर जणू पाण्याखाली गेलं. त्या शांततेत सतार एकटीच जागी होती. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. मला ती खेड्यातली खोली आठवली नाही. आठवण यावी इतकंही अंतर तिच्यात आणि माझ्यात उरलं नव्हतं.

"लाइट गेली की," आई कुजबुजली. "हे कसं काय वाजायलंय मग?"

दादांनी बोट ओठांवर ठेवलं. ते खुर्चीत मागे सरकले होते.

आलाप संपून लय धरणारा जोड सुरू झाला आणि दूरवरून एक घरघर उठली. खालच्या पट्टीतली, न थांबणारी. दादांचे पाय चपलांतून बाहेर आले. तळवे फरशीवर टेकले. मी श्वास रोखून त्यांच्या हातांकडे पाहत होते. खुर्चीच्या हातांवर ते घट्ट झाले होते. आता ते जोर देतील, आता उठतील. सतार पुढे चालली होती, आणि दादा तिच्याखाली उतरून, अंधाऱ्या पाण्यात हात घालावा तसे, काहीतरी चाचपत होते.

मग त्यांचे हात सैल झाले.

"क्लासचा जनरेटर हाय," ते म्हणाले.

"मग? दुसरं काय असणार?" आई म्हणाली.

"दुसरंही असू शकतं. आज न्हाई." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जरा मागं घे, माय. बोलण्यात जोड निसटला."

मी मागे घेतलं. थोड्या वेळानं, डोळे मिटलेलेच असताना, त्यांनी विचारलं, "बाजू केव्हा बदलायची?"

"आता बाजू नसते, दादा. सलग वाजतं."

"मग वाजू दे," दादा म्हणाले.