कोयत्याचा सद्गुण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना तर नाहीच. आणि गंमत म्हणजे सांगायला बसले तर आधी आठवतो तो आनंदच. अपराध आठवताना असं हसू यावं का?

तीस वर्षं मी ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. पनवेलमध्ये कुठेही गेले तरी ‘त्या ग्रीकवाल्या मॅडम’. एका प्राचीन संवादाचा मराठी अनुवादही केला. प्रकाशकांनी विचारलं होतं, “मूळ ग्रीकवरूनच ना?” मी म्हणाले, “हो.” एकच शब्द. ‘मूळ ग्रीकवरून’ असं मुखपृष्ठावर छापून आलं आणि मग ते मागे घेता येईना. खरं काय? खरं म्हणजे — मला ग्रीक लिपीच तेवढी येत होती. अनुवाद सगळा इंग्रजीवरून.

पण हेही निम्मंच.

निवृत्तीनंतर एका रविवारी सुनीता म्हात्रे दारात उभी राहिली. जासईच्या एका कंटेनर यार्डात क्लार्क, वय पस्तिशीचं. माझं पुस्तक वाचून तिला इतकं वेड लागलं होतं, की इंटरनेटवरून ती ग्रीक शिकली होती. “मॅडम, मी वाचते, तुमी चुका काढा.”

मी काय चुका काढणार? म्हटलं, “तू वाच. अर्थ सांग. मी ऐकते.”

ती दर रविवारी येऊ लागली. स्कूटरवरून, डब्यात आईने केलेल्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. ती शब्द फोडून सांगायची, मी गंभीर चेहऱ्याने “बरोबर” म्हणायचे — आणि ती गेली की वही काढून सगळं उतरवायचे. बासष्टाव्या वर्षी भाजी चिरताना क्रियापदं घोकत होते! कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरायचे. वर्षभराने एक अख्खं वाक्य मला तिच्या आधी उमगलं, तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. सुनीता बघतच राहिली. “मॅडम, इतकी वर्षं शिकवून तुमाला अजून एवढा आनंद होतो?”

“पुढचं वाच,” म्हणाले मी.

मग एक रविवार आला. त्या संवादात कोयत्याचा दाखला आहे: फांद्या छाटायचं आपलं काम तो उत्तम करतो, तेच त्याचं ‘आरेते’. ‘आरेते’ या शब्दाला मी सगळीकडे ‘सद्गुण’ लिहिलं होतं — इंग्रजीत तसं होतं म्हणून. सुनीता हसायला लागली. “कोयत्याला कसला आलाय सद्गुण, मॅडम? कोयता चोख हाय, असंच बोलतो ना आपण? हा चोखपणा हाय.”

ती बरोबर होती. ऐकताक्षणी कळलं, आतून लख्ख झाल्यासारखं वाटलं. आणि मी म्हणाले — शांतपणे, अगदी प्राध्यापकी आवाजात — “सुनीता, नुसती भाषा येऊन भागत नाही. तुला तत्त्वज्ञानाची बैठक नाही.”

तिचा चेहरा उतरला. माझ्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलेला तो शब्द तिने खोडला. “सॉरी मॅडम,” म्हणाली.

पुढच्या आवृत्तीत मी ‘चोखपणा’ छापला. तिचं नाव कुठेही घातलं नाही. एका परीक्षणात त्या शब्दाचं कौतुक झालं, आणि ते कात्रण मी जपून ठेवलं. सुनीताने काय करावं? पेढे आणले. “मॅडम, माझा शब्द तुमाला पटला!” तिच्या आनंदात मी मनापासून सामील झाले. एकामागून एक दोन पेढे खाल्ले. एवढी मी निर्लज्ज.

आता तिचा स्वतःचा अनुवाद तयार आहे. संवाद तोच, पण खरोखर ग्रीकवरून केलेला. वाचताना मी तीनदा मोठ्याने हसले आणि एकदा रडले, इतका तो जिवंत आहे. पहिल्या पानावर तिने लिहिलंय: ‘मला ग्रीक शिकवणाऱ्या मॅडमना.’

ग्रीक मला तिने शिकवलं. तो शब्द तिचा होता. तिला बैठक नाही म्हणाले, तेव्हा ती बरोबर आहे हे मला माहीत होतं.

उद्या रविवार. ती आली की भाकरीचा डबा उघडायच्या आधी, हे सगळं लिहिलेला हा कागद तिच्या हातात देणार आहे. वाचून बसायचं की उठून जायचं, ते तिचं ती ठरवेल.