भरून येणारा डबा

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि फौजेबद्दल मला काहीच कळत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांना विचारलेलेही नाही. चुकले तर माफ करावे.

एकलहरे रस्त्यावरच्या आमच्या वस्तीत एक म्हातारे एकटे राहतात. तोफखान्यात साधे जवान होते, पण वस्तीत कोणीही फौजी असला की तो मेजरच. पंधरा वर्षे पुरी व्हायच्या आत सुटून आल्यामुळे त्यांना पेन्शन नाही. गेल्या वर्षापर्यंत एका गोदामावर राखण करत. गुडघे गेले आणि ते कामही गेले. गरजू माजी सैनिकांना मिळणाऱ्या मदतीचा अर्ज मीच भरून दिला. मंजुरी येईपर्यंत गल्लीतल्या पाच घरांनी आळीपाळीने डबा द्यायचा, असे आईने ठरवले.

पोचवायला मी जायचो. दुसऱ्याच्या घरून आलेले भांडे रिकामे पाठवायचे नाही, ही आपल्याकडची रीत, आणि मेजर ती पाळत. पहिल्या आठवड्यात धुतलेल्या डब्यात वाटीभर साखर आली. मग शेंगदाणे. मग तांदूळ. आईला बरे वाटले, मलाही. एकदा ते डबा भरत असताना मी आत डोकावलो. फळीवरचे सगळे डबे उपडे ठेवलेले होते आणि मेजर शेवटच्या डब्याच्या तळाचे मीठ चमच्याने खरवडत होते. म्हणजे जेवण देऊन आम्ही त्यांचे घर रिकामे करत होतो.

मला सुचले ते मी बोलून टाकले. "बाबा, डबा रिकामाच देत जा. आम्हाला चालतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला नाही चालत," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दार उघडले, पण डबा घेतला नाही. जेवून आलो म्हणाले. तिसऱ्या दिवशीही तेच. कुठे जेवले, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, दिवसातून एकदा चहा-बिस्कीट घेतात, बाकी काही नाही.

"लय शिकलास," आई म्हणाली. "मोठ्या माणसाला असं तोंडावर बोलायचं असतं का रे?"

त्याच आठवड्यात कॉलेजचे शिबिर पेठकडच्या एका पाड्यावर गेले. तिथे फोन लागत नव्हता. दिवसा आम्ही बांध घालायचो. पंगतीत बसलो की घास घेताना मला संकोच वाटायचा. पाचव्या दिवशी कळले की शाळेमागच्या टेकडीवर थोडी रेंज येते. चढून गेलो आणि आईला फोन लावला.

अर्जाचे अजून काहीच नाही, म्हणाली. मेजरांकडे मात्र ती स्वतः गेली होती. जेवणाचा विषय तिने काढलाच नाही. किलोभर लसूण आणि डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितले की मला कामावर जायचे आहे, एवढा सोलून याच डब्यात भरून द्या. डब्यात भाजी-भाकरी होती. संध्याकाळी तो सोललेल्या लसणाने भरून आला. आता पाचही घरे काही ना काही निवडायला पाठवतात.

"मग जेवतात का?" मी विचारले.

"दोन्ही वेळा," आई म्हणाली. "आज तर निरोप आलाय. लसणानं बोटं जळतात, उद्यापासून वाटाणे पाठवा म्हणून."