धुतलेलं ताट

मार्थामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेसचा पुढच्या आठवड्याचा मेनू लिहीत होते. बुधवारपर्यंत आले होते. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेला त्यांचा मुलगा बोलत होता. "मॅडम, आई गेली. सकाळी चहा घेतला, म्हनली जरा पडते..."  मी फोन ठेवला आणि सवयीप्रमाणे कामं लिहून काढली. मुलींना सांगणे. संध्याकाळच्या स्वयंपाकाला माणूस बघणे. दफनविधीला जायला गाडी. चौथ्या ओळीवर हात आपोआप लिहून गेला, 'मावशींना विचारणे'. माझ्या प्रत्येक यादीची शेवटची ओळ गेली कित्येक वर्षं तीच असायची. ती मी खोडली नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका कृषी विद्यापीठात मुलींचं वसतिगृह मी सांभाळते. मावशी तिथल्या स्वयंपाकघराच्या प्रमुख. मी नवीन होते तेव्हा मोठ्या उत्साहाने आहाराचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. प्रत्येक वारापुढे कडधान्य, पालेभाजी, फळ, ताक. मावशींनी चष्मा लावून तो सगळा वाचला. "चांगलं हाय. पन मॅडम, हे पोरींनी खाल्लं का, ते कुनी लिवायचं?" मी सह्यांची वही दाखवली. एकही रकाना रिकामा नव्हता. "सही ताट घेताना करत्यात," एवढंच म्हणून त्या आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. हे स्टूल मागच्या दाराशी, नळाजवळ, उष्टी ताटं ठेवायच्या टबाला लागून असे. वाढप मार्गी लागलं की डाव दुसऱ्या बाईच्या हाती देऊन मावशी तिथे बसत आणि परत येणारं एकेक ताट बघत. "काय गं, गवारीनं तुझं काय घोडं मारलं?" "मावशी, कडू होती!" "गवार कडू न्हाई, तू लाडावलीस." पण पुढच्या वेळी गवारीत दाण्याचं कूट जास्त पडलेलं असे, आणि तेच ताट रिकामं येई. मुख्य स्वयंपाकिणीने खरकट्याशी बसावं हे मला तेव्हा वेळ वाया घालवणं वाटायचं. तसं मी एकदा बोलूनही दाखवलं होतं.

मग वैशालीचं झालं. खर्ड्याकडची, दुसऱ्या वर्षाची, अबोल मुलगी. प्रात्यक्षिकाला शेतावर गेली आणि बांधावरच चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त फार कमी आहे, गोळ्या देतो, पण पोटात अन्न गेलं पाहिजे. मी वही काढली. दोन्ही वेळच्या सह्या होत्या. तिसऱ्या दिवशी तिचे वडील ऑफिसात येऊन उभे राहिले. "मॅडम, पोरगी न्यायला आलोय. शिक्षान ऱ्हाऊ द्या आता. जगली म्हंजे लई झालं." मागे वैशाली बॅग घेऊन उभी होती. एकदा गेली की ही परत यायची नाही, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. मी तक्ता समजावू लागले. त्यांचं लक्ष नव्हतं.

एवढ्यात मावशी दारात आल्या. "भाऊ, जेवलाय का? न्यायचं तर न्या, पन उपाशी जाऊ नका." मेसमध्ये नेहमी चपात्याच असत, पण स्वतःसाठी मावशी ज्वारीच्या दोन भाकरी रोज थापायच्या. त्या त्यांनी पाहुण्यापुढे ठेवल्या, सोबत वाटीभर आमटी. त्या माणसाने भाकरी ताटात चांगली बारीक कुस्करली, वर आमटी ओतली, पाची बोटांनी कालवली आणि भुरका मारून जेवायला लागला. पलीकडच्या टेबलावर दोघी-तिघी मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. वैशालीने मान खाली घातली. पण नजर काही वडिलांच्या ताटावरून हलत नव्हती. मावशींनी मला कोपराने ढोसलं. "मॅडम, हिचं ताट मला रोज धुतलेलं येतं. खोलीवर न्येती, धुऊन आनती. मला वाटलं, गुनाची पोर हाय. चुकलं माजं... हिला भूक हाय, लाज आडवी येतीया."

आणि मग साऱ्या हॉलच्या देखत मावशी स्वतः ताट घेऊन वडिलांच्या टेबलाशी बसल्या. डोळे मिटून नेहमीची छोटी प्रार्थना केली, उरलेली भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि वडिलांपेक्षा मोठा भुरका मारला. "कुठली गं तू? तिकडं काय खाता?" वैशाली हळूच म्हणाली, "हेच." "मग बस की!" ती बसली. वडिलांच्याच ताटात तिने हात घातला... मी इतकी वर्षं मेस चालवली, पण कुणाला इतकं मन लावून जेवताना पाहिलं नव्हतं. नंतर तिनेच सांगितलं, पहिल्या वर्षी तिच्या कुस्करण्याला मुली हसल्या होत्या. तेव्हापासून ती चपातीचे दोन घास गिळायची आणि बाकीचं वसतिगृहामागच्या कुत्र्याला घालायची. तक्ता करताना भाकरी मीच वगळली होती. थापायला वेळ जातो म्हणून.

"भाऊ, एक म्हैना ठेवा," मावशी म्हणाल्या. "रक्त वाढलं न्हाई तर मीच आनून सोडते." वडिलांनी एकदा ताटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी हाय म्हनून ठेवतो, मावशी." बॅग खोलीवर परत गेली. मी तक्ता खाली उतरवला. मावशींनी दोन मोठे तवे मागून घेतले, मुलींना गावं आणि तिकडचं खाणं विचारत हुलग्याच्या पिठाची शेंगोळी मेनूत आणली, झणझणीत शिपी आमटी आणली, आणि ते टेबल कुस्करून खाणाऱ्यांचं झालं. हसणाऱ्या मुलीही आठवड्याभरात तिथे जागा धरू लागल्या. महिन्याने डॉक्टरांनी रिपोर्ट बघून मान डोलावली तेव्हा वैशालीच्या घरी फोन मी लावला, पण बोलल्या मावशीच. "व्हय भाऊ, वाढलंय. आता न्यायला नगा येऊ, भेटायला या."

वैशाली आता सुप्याला एका अन्नप्रक्रिया कारखान्यात अधिकारी आहे. दफनविधीला ती वडिलांसह आली होती. कुणी फुलं आणली होती, तिने फडक्यात बांधलेली भाकरी आणली होती. ती तिने नंतर मावशींच्या मुलाच्या हातात दिली. "सकाळपासून जेवला नसशील," म्हणाली.

मावशींच्या जागी नवीन बाई आल्यात, हाताला चव आहे. स्टूल मात्र नळापाशीच आहे. पहिले काही दिवस ते रिकामं होतं, ताटं येत होती आणि टबात पडत होती. मग एका संध्याकाळी मी वही ऑफिसात ठेवली आणि तिथे जाऊन बसले. सुरुवातीला मला काही दिसेना, नुसती ताटंच दिसायची. हळूहळू कळायला लागलं. ढेमशाची भाजी कोण बाजूला ढकलते, वाटीखाली घास कोण लपवते... मुलीही आता मला बघून दचकत नाहीत. काल पहिल्या वर्षाची एक मुलगी सगळ्यांच्या नंतर आली, ताट टबात ठेवून झटकन वळली. ताट धुतलेलं होतं. अगदी कोरडं.

मी स्टुलावरून उठले आणि तिच्या मागे गेले.

"कुठली गं तू? तिकडं काय खाता?"